कांदा, चप्पल आणि मेंदूतली दारं

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. घरचा स्वयंपाक, ह्यांचा नि मुलांचा डबा, सासूबाईंचं पथ्याचं, एवढं उरकून अकराला शाळेत हजर व्हायचं आणि तीन तास घेऊन परत यायचं, असा माझा नेम. त्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर समासाची उदाहरणं लिहीत होते. मागे धप्पकन आवाज झाला. वळून पाहते तो दुसऱ्या बाकावरची मुलगी खाली पडलेली. डोळे वर गेलेले, अंग लाकडासारखं ताठ, आणि मग हातपाय झटके देऊ लागले. तोंडाला फेस.

मुली किंचाळत बाहेर पळाल्या. शाळेच्या मावशी बुक्कीने फोडलेला कांदा घेऊन धावत आल्या. कुणीतरी ओरडलं, "चप्पल हुंगवा, चप्पल!" आणि मी काय केलं? एका डब्यातला स्टीलचा चमचा उचलला आणि तिची जीभ चावली जाऊ नये म्हणून तिच्या दातांमध्ये घुसवला. कुठेतरी ऐकलेलं, सिनेमात पाहिलेलं. तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तो बारीकसा आवाज अजून माझ्या कानात आहे.

दोन-अडीच मिनिटांत झटके थांबले. मुलगी हळूहळू भानावर आली. मावशींनी कांदा सगळ्यांना दाखवला. "पाहिलंत ना बाई? लगेच उतार पडला." खरं सांगते, त्या वेळी मलाही ते पटलं होतं.

संध्याकाळी तिची आई आली. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली. "बाई, शाळेत कुणाला आकडीचं बोलू नका हो. चक्कर आली म्हणून सांगा. पोरीची जात, उद्या लग्नाचं बघायचं आहे." मग हळूच म्हणाली, "गोळ्या चालू होत्या. आठ महिन्यांत एकदा म्हणून आली नाही. बरी झाली असं वाटलं, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मीच बंद केल्या. शेजारणी विचारतात ना, रोज कसल्या गोळ्या घेते म्हणून."

दोन दिवसांनी ती मुलीला डॉक्टरांकडे नेणार होती. "तुम्ही बरोबर चला, ते काय बोलतात ते मला नीट कळत नाही," म्हणाली. दाताच्या टवक्याचं ओझं मनावर होतंच. गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे एक वेडावाकडा गोल काढला, त्याच्या भिंतीला चार फटी दाखवल्या आणि म्हणाले, "ही मेंदूची पेशी. ही तिची दारं. हिची दारं जरा जास्तच उत्साही आहेत, एवढंच." मी बी.ए. झालेली, विज्ञानाशी दहावीनंतर काडीमोड. पण दारं म्हटल्यावर कान टवकारले. ती चिठ्ठी घरी आणली आणि मग जमेल तसं वाचत गेले. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असतं, आणि ते मुख्यतः स्निग्ध पदार्थाचं. आता पातळ केलेल्या तुपात चिमूटभर मीठ टाकून पाहा. विरघळत नाही, खडा तसाच तळाशी बसतो. तोच प्रकार इथे. पेशीच्या आतबाहेर खारं पाणी आहे, पण त्यातले क्षार ह्या स्निग्ध भिंतीतून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांना जायला भिंतीत दारं लागतात. ही दारं प्रथिनांची असतात. प्रथिनं म्हणजे डाळी-उसळीत असतात तीच जात, फक्त पेशीने आपल्या गरजेप्रमाणे घडवलेली. सोडियमसाठी वेगळं दार, पोटॅशियमसाठी वेगळं, कॅल्शियमसाठी आणि क्लोराइडसाठी आणखी वेगळं. एकाच्या दारातून दुसऱ्याला सहसा प्रवेश नाही.

पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, म्हणजे आपल्या मिठातलं. आत पोटॅशियम जास्त. ही विषमता टिकवायला भिंतीत एक पंप रात्रंदिवस चालू असतो. सोडियमचे तीन कण बाहेर टाकायचे, पोटॅशियमचे दोन आत घ्यायचे, अखंड. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतली सुमारे वीस टक्के तो खातो, त्यात ह्या पंपाचा वाटा मोठा. (मुलं नुसती अभ्यासाला बसून भुकेली कशी होतात, असं म्हणून मी आता हसत नाही.) ह्या विषमतेमुळे भिंतीच्या दोन बाजूंमध्ये थोडासा विजेचा दाब तयार होतो, साधारण ७० मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या दाबाचा विसावा भाग म्हणा.

आता पेशीला निरोप द्यायचा असला की काय होतं? सोडियमच्या दाराला विजेच्या दाबातला बदल कळतो. दाब जरा बदलला की ते फटकन उघडतं. सोडियम आत घुसतं. आणि हजाराव्या भागाच्या सेकंदात ते दार आपणहून बंद होऊन आतून कडी लावून घेतं. मग पोटॅशियमचं दार उघडतं, थोडं पोटॅशियम बाहेर जातं, पेशी पुन्हा जागेवर. तोवर शेजारच्या दाराला झटका लागलेला असतो, ते उघडतं, मग त्याच्या पलीकडचं. चाळीत एकीच्या दाराची कडी वाजली की पुढची दार उघडून डोकावते, तिचं ऐकून तिच्या पुढची, तसा हा निरोप पेशीच्या लांब तंतूवरून पळत जातो. सर्वांत वेगवान तंतूंत सेकंदाला शंभर मीटरपर्यंत.

तंतूच्या टोकाशी गेल्यावर पुढची पेशी लागते, पण मध्ये फट असते. तिला सिनॅप्स म्हणतात. इथे कॅल्शियमचं दार उघडतं, त्यामुळे टोकाशी साठवलेल्या बारीक पिशव्या फुटतात आणि त्यातलं रसायन फटीत सांडतं. पलीकडच्या पेशीवर ह्या रसायनाने उघडणारी दारं असतात, कुलपाला किल्ली लागावी तशी. ग्लुटामेट नावाचं रसायन पलीकडच्या पेशीला म्हणतं, 'चल, तूही बोल.' गाबा नावाचं रसायन क्लोराइडचं दार उघडतं आणि म्हणतं, 'थांब, गप्प बस.' मेंदूतलं सगळं काम ह्या 'चल' आणि 'थांब' च्या हिशेबावर चालतं. काही पेशींच्या बाबतीत तर फटही नसते. दोन भिंती चिकटतात आणि दोघींची अर्धी अर्धी दारं जुळून सरळ बोगदाच तयार होतो. शेजारणीशी भिंतीतल्या खिडकीतून वाटीभर साखर द्यावी-घ्यावी, तसा.

हळदीकुंकवाला पन्नास बायका जमल्या की एक गुणगुण चालू असते. जी ती आपल्या शेजारणीशी बोलते. कामाचं, बिनकामाचं. नीट चाललेला मेंदू असा असतो. पण समजा, सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच ठेक्यात टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तर? कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येणार नाही. आकडी म्हणजे ते. लाखो पेशी एकदम, एका ठेक्यात निरोप पाठवू लागतात. हातपायांना ते निरोप पोचतात म्हणून झटके. भान हरपतं, कारण नेहमीचं बोलणंच बंद पडलेलं असतं. आणि थोड्या वेळाने पेशी दमतात, 'थांब' म्हणणाऱ्या पुढे होतात, टाळ्या थांबतात.

बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात. कांदा शोधून, फोडून, नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो! मावशींचा कांदा आणि आकडीचं थांबणं ह्यांची गाठ अशी रोजच पडत आली, म्हणून पिढ्यानपिढ्या विश्वास बसला. त्यांना दोष कशाला देऊ? चमच्याला तर तेवढाही आधार नव्हता.

ही दारं आहेत हे माणसाला कळलं कसं, ते वाचताना मला फार मजा आली. सुरुवात झाली माकूलपासून. होय, कोकणात कोळणीच्या टोपलीत असते तीच. संकटात झटकन पळून जाण्यासाठी तिच्या अंगात एक चेतातंतू असतो, तो जवळजवळ अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. आपले तंतू केसाहूनही कितीतरी बारीक, त्यांत तार कशी घालणार? १९३९ साली इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली ह्या दोघांनी माकूलच्या तंतूत बारीक तार सारून विजेचा दाब मोजला. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि काम बाजूला पडलं. युद्धानंतर पुन्हा सुरुवात, आणि १९५२ साली त्यांनी सोडियम आधी आत, मग पोटॅशियम बाहेर, हा सगळा हिशेब मांडला. हक्सलींनी ती गणितं हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर केली, आठवडेच्या आठवडे. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

तरी दार प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं. १९७६ साली जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान ह्यांनी अतिशय बारीक टोकाची काचेची नळी पेशीच्या भिंतीला चिकटवली आणि एकाच दाराचं उघडणं-मिटणं विजेच्या प्रवाहावरून टिपलं. दार हळूहळू किलकिलं होत नाही. एकदम उघडं, नाहीतर एकदम बंद. आणि १९९८ साली अमेरिकेत रॉडरिक मॅकिनन ह्यांनी पोटॅशियमच्या दाराची रचना अणू-अणूपर्यंत उलगडली. हे गृहस्थ मुळात डॉक्टर. डॉक्टरकी सोडून तिशीत पुन्हा विद्यार्थी झाले. दारांची रचना शोधायच्या धाडसात त्यांच्या पत्नी ॲलिस, ज्या रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या, त्याही प्रयोगशाळेत हाताशी आल्या. २००३ साली मॅकिनन ह्यांना नोबेल मिळालं. तिशीत पुन्हा पाटी-पेन्सिल घेतलेल्या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते, ते सोडा.

त्यांनी जो उलगडा केला तो मात्र सांगायलाच हवा. सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान. मग पोटॅशियमच्या दारातून मोठा कण जातो आणि लहान अडतो, हे कसं? तर पाण्यात प्रत्येक कणाभोवती पाण्याच्या रेणूंची शाल असते. दार इतकं अरुंद की शाल काढल्याशिवाय आत जाता येत नाही. दारातले ऑक्सिजनचे अणू बरोबर पोटॅशियमच्या मापाने बसवलेले आहेत, पाण्याने जसं धरलं होतं तसंच ते त्याला धरतात. सोडियमला ते माप ढगळ होतं. आधार मिळत नाही, म्हणून तो आपली शाल सोडायला तयारच होत नाही. आणि ही सगळी पारख करूनही एका दारातून सेकंदाला १० कोटींपर्यंत कण पार होतात!

आता परत आमच्या मुलीकडे येते. तिच्या दाताचं काम करायला मी तिला दंतवैद्याकडे नेलं. (खर्च मी दिला. तिची आई नको म्हणत होती, पण चमचा माझा होता.) हिरडीत बधिर होण्याचं इंजेक्शन दिलं. ते लिग्नोकेन म्हणजे काय, तर सोडियमच्या दारात बोळा. दार बंद, म्हणून दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. आकडीवरच्या कित्येक गोळ्याही ह्याच दारावर काम करतात, पण जरा समजूतदारपणे. फेनिटॉइन हे जुनं औषध १९३८ पासून वापरात आहे. सोडियमचं दार उघडून मिटल्यावर आतून कडी लावतं, असं मी वर म्हटलं ना? ही गोळी ती कडी थोडा जास्त वेळ लावून धरते. एखाददुसऱ्यांदा सावकाश उघडणाऱ्या दाराला त्याचा फारसा त्रास नाही, त्यामुळे मुलगी वर्गात कविता पाठ करू शकते. पण जी दारं धडाधड, पुन्हा पुन्हा उघडू पाहतात, त्यांना कडी आड येते.

हे वाचलं आणि त्या आईची चूक मला लख्ख दिसली. गोळी दार दुरुस्त करत नाही. रक्तात आहे तोवर कडीवर हात ठेवून उभी राहते. आठ महिने आकडी आली नाही, कारण आठ महिने हात कडीवर होता. तो एकाएकी काढला आणि पंधरा दिवसांत मुलगी फळ्यासमोर पडली. गोळ्या एकदम बंद केल्या तर आकड्या लागोपाठ येऊन जिवावरही बेतू शकतं. साधारण दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ आकडी नसेल तर डॉक्टर गोळी कमी करण्याचा विचार करतात. तीही हळूहळू आणि त्यांच्या देखरेखीखाली.

आणखी एक. आपण बायका औषधंही वाटीतल्या भाजीसारखी वाटतो. "माझ्या भाच्याला ह्या गोळीने गुण आला, तू देऊन बघ." आकडीत असं मुळीच करू नये. काही लहान मुलांना ड्रॅव्हे नावाचा आजार असतो. त्यांच्यातल्या बहुतेकांत सोडियमच्या एका दाराचा जन्मतः बिघाड असतो, हे २००१ साली कळलं. पण गंमत अशी की तो बिघाड मुख्यतः 'थांब' म्हणणाऱ्या पेशींत असतो. त्या आधीच दुबळ्या. त्यांची दारं आणखी आवळणारी गोळी दिली तर आकडी वाढते! एकाच दारावरचं औषध एकाला तारतं आणि दुसऱ्याला बाधतं.

प्रत्येक आकडी जन्मतःच्या दारांमुळे येते असंही नाही. डोक्याला मार, बाळंतपणात बाळ गुदमरणं, मेंदूज्वर ही कारणं आहेत. आपल्याकडे मोठं कारण आहे टेपवर्म नावाच्या जंताची अंडी पोटात जाणं. तो जंत डुकराच्या मांसातून माणसात येतो, म्हणून आपण शाकाहारी निर्धास्त असतो. चूक! ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवरून, कच्च्या पालेभाजीवरून कुणाच्याही पोटात जातात. तिथून मेंदूत गाठ. कोशिंबिरीची कोथिंबीर, मुळा, काकडी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि स्वयंपाकाला लागण्यापूर्वी साबणाने हात.

समोर कुणाला आकडी आली तर काय करायचं, ते मी आता शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे. आजूबाजूची टोकदार वस्तू, बाक सरकवा. डोक्याखाली ओढणी किंवा दप्तर ठेवा, गळ्याशी आवळलेलं सैल करा. कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका. चमचा नको, पाणी नको, गोळीही नको. घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेली, किंवा भानावर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करून दवाखाना. जमल्यास एखादीने मोबाईलवर चित्रण करून ठेवावं, डॉक्टरांना निदानाला त्याची फार मदत होते. ज्यांना लांबलेली आकडी येते त्यांच्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टर लिहून देतात. तो 'थांब' म्हणणाऱ्या क्लोराइडच्या दाराला बळ देतो.

राहिला लग्नाचा प्रश्न. त्या आईची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मीही ह्याच समाजात राहते, स्थळं कशी परत जातात ते पाहिलं आहे. पण हिंदू विवाह कायद्यात पूर्वी आकडीला वेडाच्या पंक्तीला बसवलं होतं, तो शब्द १९९९ साली काढून टाकला आहे. नुसत्या आकडीच्या कारणावरून लग्न रद्द करा असं आता म्हणता येत नाही. लपवून लग्न केलं तर मात्र फसवणूक केली असा वाद निघू शकतो. आणि लपवण्यात मुलीचेच हाल. नव्या घरी गोळ्या उशाखाली दडवायच्या, कुणी पाहील म्हणून चुकवायच्या, आणि मग ऐन पहिल्या सणाला पडायचं. दिवस राहण्याच्या आधी तर डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात आणि ती वेळीच बदलावी लागतात. नवऱ्यापासून लपवलेली गोळी कोण बदलून देणार? योग्य औषध नियमित घेतलं तर दहातल्या सात जणांच्या आकड्या थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे सांगून केलेलं लग्नच बरं, असं माझं तरी मत.

हे सगळं मी त्या आईला दोन-तीनदा सांगितलं. एकदम पटलं नाही. "तुमचं बरं आहे बाई, तुम्हाला मुलगे आहेत," असं एकदा म्हणाली. ते मला लागलं, आणि खरंही होतं. पण गोळ्या मात्र तिने पुन्हा सुरू केल्या. दिवाळीनंतर एकदा शाळेत आली ती डबी घेऊन, सोमवार ते रविवार खणांची. एक जादा पट्टी माझ्याकडे दिली, स्टाफरूमच्या कपाटात ठेवायला. मोठ्या बाईंना आणि वर्गशिक्षिकेला सांगायची परवानगी दिली. शेजारणींना अजून नाही.

जाताना दारात थांबली. "बाई, गॅदरिंगच्या नाचात घ्याल ना तिला? ती विचारत होती." डॉक्टरांना मी आधीच विचारून ठेवलं होतं. झोप पुरी व्हायला हवी, गोळी वेळेवर हवी, बाकी नाचायला काही हरकत नाही. कोळीनृत्य बसवलं आहे, ती पुढच्या ओळीत डावीकडून तिसरी आहे.